जूनचं गणित

जून महिना जवळ आला की महाराष्ट्रातल्या घराघरांत एक गणित मांडलं जातं. शाळा अमुक तारखेला उघडणार, पाऊस साधारण त्याच सुमाराला येणार, पगार मात्र एक तारखेलाच होणार. तेव्हा वह्या-पुस्तकं कधी आणायची, गणवेश कुठून घ्यायचा, छत्री की रेनकोट, रिक्षा लावायची की आपणच सोडायचं, आणि भर पावसात शाळा सुटल्यावर मुलाला आणायला कोण जाणार? हे गणित कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही, पण ते सोडवल्याशिवाय कुणाचं पोर शाळेत जात नाही. आणि बहुतेक घरांत ते सोडवणारी व्यक्ती एकच असते, आई.

आज मला या गणिताचा इतिहास सांगायचा आहे. मी काही इतिहासकार नाही. कविता लिहितो, बी.ए.ला इतिहास विषय होता, एवढीच माझी शिदोरी. पण इतिहास म्हटलं की आपण लढाया आणि तह आठवतो आणि घरातल्या धावपळीला इतिहास असतो हे विसरतो. या धावपळीचं वेळापत्रक घरात ठरत नाही. ते ठरवतात सरकार, आभाळ, रस्ते आणि चंद्रसुद्धा. कसं ते बघू.

पहिला प्रश्न असा की आपली शाळा जूनमध्येच का सुरू होते? आपल्याला वाटतं, पूर्वापार असंच आहे. पण तसं नाही. महात्मा गांधी १८८७ च्या नोव्हेंबरात मॅट्रिक झाले आणि १८८८ च्या जानेवारीत भावनगरच्या सामळदास कॉलेजात दाखल झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले आणि जानेवारी १९०८ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. म्हणजे त्या काळी मुंबई इलाख्यातली मॅट्रिकची परीक्षा दिवाळीनंतर होई आणि नवं वर्ष जानेवारीच्या थंडीत सुरू होई. टिळक, आगरकर, चिपळूणकर यांचं न्यू इंग्लिश स्कूल पुण्यात सुरू झालं तेही १८८० च्या जानेवारीत. त्या पोरांच्या आयांना पहिल्या दिवशी छत्री शोधावी लागली नसेल.

पुढे परीक्षा मार्चकडे सरकली, उन्हाळ्याची मोठी सुट्टी वर्षाच्या शेवटी आली आणि शाळेची पहिली घंटा पावसाच्या पहिल्या सरीला बांधली गेली. शेतकऱ्याच्या हिशेबात सात-आठ जूनला मृग नक्षत्र लागतं. पेरणीची घाई आणि शाळेची घाई एकाच पंधरवड्यात येते. ज्या घरात बियाण्याला पैसे लागतात त्याच घरात त्याच आठवड्यात पाटी-दप्तराला पैसे लागतात. ग्रामीण महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांचा शाळेतला पहिला आठवडा या ओढाताणीत बुडाला आहे. विदर्भात ऊन जूनच्या मध्यापर्यंत पोळत राहतं, म्हणून तिथल्या शाळा उरलेल्या राज्यापेक्षा आठवडा-दोन आठवडे उशिरा उघडतात. राज्य एक, पण आभाळ दोन, असा हा प्रकार आहे.

आभाळाचा विषय निघाला की आम्हा पुणेकरांना छाती फुगवता येते. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ ची. हंगामाच्या पावसाचा पहिला अंदाज ब्लॅनफर्ड यांनी १८८६ साली दिला, तो हिमालयातल्या बर्फावरून. १९२८ साली खात्याचं मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक ‘सिमला ऑफिस’ म्हणू लागले ते आजपर्यंत. वेधशाळा दाराशी असूनही तिच्या अंदाजावर विनोद करण्याची आपली सवय जुनी आहे. पण गंमत बाजूला ठेवून एक गोष्ट सांगतो. मुंबईत पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख पूर्वी १० जून धरत. २०२० साली खात्याने नवी आकडेवारी तपासली आणि ती ११ जून केली. एका दिवसाचा फरक. आणि २०२५ साली पाऊस मुंबईत २६ मेलाच येऊन उभा राहिला. पंच्याहत्तर वर्षांच्या नोंदींत इतका लवकर तो आला नव्हता. शाळा मात्र ठरल्याप्रमाणे १६ जूनलाच उघडल्या. ‘मृगाच्या आत खरेदी उरकायची’ हा आपल्या आयांचा नियम त्या वर्षी पाण्यात गेला. ज्यांनी मेच्या तिसऱ्या आठवड्यात बाजार केला तेवढ्यांच्याच वह्या कोरड्या घरी आल्या.

आता बाजाराकडे वळू. पुण्यात शाळेची खरेदी म्हणजे अप्पा बळवंत चौक. पेशवाईतले सरदार अप्पा बळवंत मेहेंदळे यांच्या नावाचा हा चौक. सरदारांना ठाऊक नसेल, पण त्यांचं नाव दोन-तीन पिढ्या पोरांनी घेतलं ते गाईड आणि कंपासपेटीसाठी. शेजारी नूतन मराठी विद्यालयासारखी जुनी शाळा, आसपास पेठांतल्या शाळांचा गराडा, त्यामुळे पुस्तकांची दुकानं इथे दाटली. लक्ष्मी रस्ता हाकेच्या अंतरावर, म्हणजे कापडही त्याच फेरीत. एका फेरीत दोन कामं, हे त्या काळचं नियोजन.

ही फेरी सोपी झाली ती १९६७ नंतर. त्या वर्षी २७ जानेवारीला ‘बालभारती’ म्हणजे राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ स्थापन झालं. त्याआधी बऱ्याच विषयांना निरनिराळ्या प्रकाशकांची पुस्तकं चालत. या शाळेत एक, पलीकडच्या शाळेत दुसरं. यादी घेऊन दुकानं पालथी घालावी लागत. बालभारतीने सगळ्या राज्याला एक पुस्तक दिलं, एकाच किमतीत आणि परवडेल अशा किमतीत. आणि त्यातून आणखी एक गोष्ट घडली, जिची नोंद कुठे होत नाही. जुन्या पुस्तकांची साखळी तयार झाली.

ही साखळी ज्यांनी पाहिली त्यांना वेगळं सांगायला नको. निकाल लागला की वरच्या वर्गातल्या मुलाचं घर गाठायचं आणि पुस्तकांचा संच निम्म्या किमतीत ठरवून टाकायचा. चांगल्या अक्षराच्या, टापटिपीच्या मुलाची पुस्तकं आधी संपत. आमच्या भवानी पेठेत माझी पुस्तकं जोशींच्या घरून येत आणि माझ्याकडून ती तांबोळ्यांच्या घरी जात. एका पुस्तकाच्या पहिल्या पानावर पाच-पाच नावं, वरची चार खोडलेली. कव्हराला खाकी कागद नाहीतर गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान. अभ्यासक्रम बदलला की ही साखळी तुटे, आणि गरीब घरांत तो बदल सगळ्यात आधी कळे.

अलीकडचा इतिहास याच संदर्भात बघा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंतच्या मुलांना पुस्तकं मोफत मिळू लागली आणि मोठं ओझं उतरलं. दप्तराचं ओझं मात्र उतरेना. आर. के. नारायण यांनी १९८९ साली राज्यसभेत याच विषयावर भाषण केलं होतं. १९९३ साली प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल दिला. २०१५ च्या जुलैत राज्य सरकारने ठरवलं की दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. २०२३-२४ मध्ये दुसरी ते आठवीची पुस्तकं चार भागांत आली आणि त्यांत टिपणांसाठी कोरी पानं घातली गेली, म्हणजे वेगळी वही नको. हेतू चांगला होता, पण मुलं वह्या नेतच राहिली आणि २०२५ च्या जानेवारीत कोऱ्या पानांचा निर्णय मागे घेतला गेला. मला त्यात एक वेगळीच गोष्ट दिसली. ज्या पुस्तकात लिहायचं असतं ते पुस्तक दुसऱ्या मुलाला देता येत नाही. पहिल्या पानावर पाच नावं असलेलं पुस्तक आता संपलं.

पुस्तकानंतर छत्री. कोकणात पावसात शेतावर जाताना माणसं इरलं घेत, देशावर घोंगडीची खोळ. शाळेत जाणाऱ्या पोराच्या डोक्यावर गोणपाटाची खोळ असे. छत्री ही चैनीची वस्तू होती आणि पुढे ती घरटी एक झाली. मुंबईत इब्राहिम करीम यांची छत्र्यांची पेढी १८६० पासूनची. कलकत्त्यात १९२० साली सुरेंद्रमोहन बोस यांनी पाणी न शिरणारं कापड करायला घेतलं, त्यातून ‘डकबॅक’ आलं. पावसाळी कोट आणि दप्तर यांना आपल्याकडे कितीतरी वर्षं तेवढंच एक नाव होतं. मे महिन्यात गल्लीतून छत्री दुरुस्तीवाला ओरडत जाई. त्याला मे महिन्यातच गाठायचं असा आमच्या अम्मीचा शिरस्ता होता. मृग लागला की काडीचा दर दुप्पट आणि त्याच्यापुढे रांग. एकदा मी म्हटलं, “अम्मी, ऊन पडलंय आणि तू छत्री दुरुस्त करतेस?” ती म्हणाली, “पाऊस पडल्यावर छत्री सगळेच शोधतात.”

अम्मी फार शिकलेली नव्हती, पण तिच्याकडे एक साधन होतं. भिंतीवरचं ‘कालनिर्णय’. जयंतराव साळगावकरांनी ते १९७३ मध्ये सुरू केलं. त्यात एकादशीही असे आणि रमजानही. त्याच्या मागच्या पानावर दुधाचा हिशेब असे आणि समोरच्या चौकोनांत शिसपेन्सिलीने खुणा. मृगाला एक, शाळेला एक, ईदला एक. या तीन खुणा ज्या वर्षी जवळ जवळ येत त्या वर्षी तिच्या कपाळावर आठी पडे.

असं का, ते थोडं समजावून सांगतो. हिजरी वर्ष चांद्र. ते ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, म्हणून आमचे सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंची फेरी पुरी करतात. पंचांगातली वर्षंही चंद्रावरच चालतात, पण तिथे अधिक महिना घालून मेळ बसवलेला असतो, म्हणून आषाढी कधी जूनच्या अखेरीस तर कधी जुलैत, पण पावसाळ्यातच राहते. १९८५ साली ईद जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आली. म्हणजे शाळा उघडली तेव्हा रमजानचा शेवटचा टप्पा चालू होता.

यात अडचण होती ती शिंप्याची. तेव्हा तयार गणवेश मिळत, पण आमच्यासारख्या घरांत कापड आणून शिवून घेणं स्वस्त पडे. पेठेतला टेलर मास्तर एकच. त्याच्याकडे हिंदू घरांतले गणवेश आणि मुसलमान घरांतले ईदचे कपडे एकाच वेळी. अर्धा रमजान झाला की तो ‘ऑर्डर बंद’ची पाटी लावी. त्यानंतर गेलात तर कपडे ईदनंतर, म्हणजे शाळेचा पहिला आठवडा रंगीत शर्टात, आणि वर्गात उभं राहण्याची शिक्षा. अम्मीने हे गणित मार्चमध्येच केलं होतं. परीक्षा संपताच तिने लक्ष्मी रस्त्यावरून एकदम कापड आणलं. गणवेशाचं आणि ईदचंही. सुती कापड असेल तर एक रात्र पाण्यात भिजवून मगच शिवायला द्यायचं, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं. माप देताना मास्तरांना सांगायचं, “वाढत्या अंगाचं शिवा, दुमड चार बोटं ठेवा.” ती दुमड पुढच्या जूनमध्ये उसवायची. रमजान लागायच्या आधी, म्हणजे मेच्या मध्याला, आम्हा तिघा भावंडांचे गणवेश पेटीत पडले होते. रोजे उन्हाळ्याचे होते. तहानलेल्या दुपारी बाजारात एकही फेरी तिला मारावी लागली नाही. तिच्या दृष्टीने हेच त्या वर्षीचं यश होतं.

तेहतीस वर्षांनी, २०१८ साली, चंद्राने फेरी पुरी केली. त्या वर्षी राज्यातल्या शाळा १५ जूनला उघडल्या आणि ईद झाली १६ जूनला. १४ च्या संध्याकाळी आमच्याकडे चंद्र दिसला असता तर शाळेचा पहिला दिवस आणि ईद एकाच सकाळी आली असती. एव्हाना टेलर मास्तर गेले होते आणि गणवेश शाळेने नेमलेल्या दुकानातूनच घ्यायचा ही पद्धत सर्रास झाली होती. दुमड ठेवलेला कपडा त्या दुकानात मिळत नाही.

चंद्राची दुसरी बाजूही सांगतो, कारण आम्ही भवानी पेठवाले. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्यांचा मुक्काम आमच्या आणि नाना पेठेत असतो. २०२५ साली शाळा सोमवारी १६ जूनला उघडल्या आणि शुक्रवारी २० तारखेला पालख्या पुण्यात आल्या. रस्ते वारकऱ्यांचे झाले. ते आनंदाचेच दिवस असतात, आमच्याही दारात पाण्याचे पिंप असतात. पण ज्याला त्या आठवड्यात राहिलेली वही, राहिलेला बूट आणायचा आहे त्याने तो सोमवार ते बुधवारातच आणावा, हे पेठेतल्या लहान पोरालाही कळतं. त्या वर्षी आषाढी एकादशी आणि मोहरमची दहावी तारीख एकाच रविवारी, ६ जुलैला आली. अम्मी असती तर तिच्या कॅलेंडरवर त्या चौकोनात जागा उरली नसती.

गणवेशावरून एक ताजा धडा. २०२४-२५ मध्ये राज्य सरकारने सरकारी शाळांसाठी सगळ्या राज्याला एकच गणवेश ठरवला आणि शिलाईचं काम महिला बचत गटांकडे दिलं. शिवण्याचं काम बायकांना मिळावं हा विचार चांगलाच होता. पण लाखो मुलांचं माप, कापड आणि शिलाई एकाच वेळी जुळवायची होती. पाऊस आला, शाळा उघडल्या, कित्येक ठिकाणी गणवेश आलेच नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये तो अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेला. आमच्या मास्तरांनी एका पेठेसाठी ‘ऑर्डर बंद’ची पाटी का लावली होती, हे मंत्रालयात कुणाला विचारता आलं असतं.

आता शाळेतून मुलाला आणण्याबद्दल. आमच्या लहानपणी ‘आणायला जाणं’ हे कामच नव्हतं. शाळा दोन गल्ल्यांपलीकडे. घंटा झाली की पोरं घोळक्याने चालत येत, रस्त्यात डबक्यात उड्या मारत. पाचवीनंतर सायकल. पुणं सायकलींचं शहर होतं ते काही उगाच नाही. कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितलं होतं की वस्तीतली सगळी मुलं वस्तीतल्याच शाळेत जावीत. शिक्षण हक्काच्या नियमांनीही पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी असं म्हटलं. पण घरं उपनगरांत गेली, पसंतीच्या शाळा लांब निघाल्या आणि मूल पायी जाण्याच्या अंतरावरून वाहनाच्या अंतरावर गेलं. तिथे नवी नोकरी जन्माला आली, बिनपगारी. साडेबारा वाजता शाळेच्या फाटकासमोर उभं राहण्याची. सकाळची शाळा सुटते, दुपारची भरते, दोन्हींची वाहनं एकाच अरुंद रस्त्यावर, आणि वर पाऊस. शहरातली बरीचशी कोंडी आपणच, आपल्याच पोरांसाठी, दहा मिनिटांत तयार करतो.

या फाटकासमोरचा खरा नायक रिक्षाकाका. पावसात रिक्षाच्या दोन्ही बाजूंना ताडपत्री, बाहेर लटकलेली दप्तरं आणि आत मोजता येणार नाहीत इतकी डोकी. ते प्रेमळ होतं आणि धोक्याचंही होतं. २०११ साली राज्याने स्कूल बससाठी स्वतंत्र नियम केले. वेग आवरणारं यंत्र, मदतनीस, प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती. २०२४ मध्ये ठरलं की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत, कारण मुलांची झोप होत नाही. ते योग्यच. पण आठला थोरल्याला आणि नऊला धाकट्याला सोडायचं म्हणजे त्याच आईच्या दोन फेऱ्या. निर्णय एका ओळीचा असतो, त्याचं वेळापत्रक स्वयंपाकघरात बनतं.

आणि हे सगळं केवळ सोयीचं नाही. २६ जुलै २००५, मंगळवार. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दुपारी दोननंतर आभाळ फाटलं ते थांबेचना. लोकल बंद, रस्ते बंद, मोबाइल मुके. मुंबईत चारशेहून अधिक माणसं गेली. माझी धाकटी बहीण तेव्हा कुर्ल्याला राहत होती. मिठी नदी त्यांच्या गल्लीत शिरली होती. तिचा मुलगा तिसरीत, दुपारच्या शाळेत. भावजी नोकरीच्या ठिकाणी अडकलेले. पुण्याहून आम्ही रात्रभर फोन फिरवत होतो आणि पलीकडून तोच एक कोरडा आवाज. सकाळी दहाला कुणाच्या तरी चालू फोनवरून तिचा आवाज आला, “भाईजान, मिळाला.” शाळेतल्या बाईंनी पंचवीस-तीस मुलांना वरच्या मजल्यावर नेऊन ठेवलं होतं. जवळच्या वस्तीतून कुणी पाव आणि केळी पोहोचवली. त्या रात्री बाईंचं स्वतःचं मूल त्यांच्या घरी होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

त्या दिवशी जी मुलं शाळेच्या इमारतीत थांबली त्यांच्यापेक्षा जी घरी निघाली त्यांच्यासाठी धोका मोठा होता. बहिणीने त्यानंतर मुलाला एक वाक्य पाठ करून घेतलं, “पाणी असेल तर बाहेर पडायचं नाही, कितीही उशीर झाला तरी मी येईन.” तोवर आम्ही मुलांना ‘सरळ घरी ये’ एवढंच शिकवत होतो. घाईने घरी पोहोचणं म्हणजे सुखरूप पोहोचणं असं आपण समजत होतो.

त्यानंतर बरंच बदललं. आता हवामान खात्याचे रंगांचे इशारे येतात, शाळेला सुट्टी जाहीर होते. तरीही ८ जुलै २०२४ ला मुंबईत मध्यरात्री एक ते सकाळी सातच्या दरम्यान काही भागांत तीनशे मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला आणि सकाळच्या सत्राच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली. पहाटे पाचला डबा भरणाऱ्या आईला सुट्टी कळते तोवर पोळ्या झालेल्या असतात आणि कधी कधी मूल बसमध्ये बसलेलं असतं.

तर या इतिहासातून घ्यायचं काय? माझ्या अल्प बुद्धीला चार गोष्टी सुचतात. एक, खरेदी मृगाच्या नव्हे, निकालाच्या हिशेबाने करावी. यादी हातात आली की त्याच आठवड्यात, आणि रविवार टाळून सकाळी दुकानं उघडताना. पुण्यात आता सप्टेंबर २०२४ पासून जिल्हा न्यायालय ते स्वारगेट भुयारी मेट्रो आहे. कसबा पेठ किंवा मंडईला उतरून अप्पा बळवंत चौकात चालत जाता येतं, गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धी सकाळ जात नाही. दोन, छत्री, रेनकोट, बूट उन्हातच तपासावेत. तीन, शेजारच्या तीन-चार घरांनी मिळून आणण्याची पाळी लावावी. एक जण गेला की बाकीच्यांची गाडी घरी राहते, आणि फाटकासमोरची गर्दी तेवढीच कमी होते. चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, मुसळधार पावसात मूल कुठे थांबेल, कुणाबरोबर येईल आणि कुणाबरोबर येणार नाही, हे जूनच्या पहिल्या आठवड्यातच मुलाला, शाळेला आणि रिक्षाकाकांना सांगून ठेवावं. दोन फोन नंबर डायरीत शाईने लिहून द्यावेत. मोबाइल बंद पडला की पाठ असलेला नंबरच कामाला येतो.

शाळांकडे आणि सरकारकडे मागणं एवढंच की सुट्टीचा निर्णय जमेल तेव्हा आदल्या संध्याकाळी सांगा, आणि नवा गणवेश, नवं पुस्तक, नवी वेळ ठरवताना एखाद्या आईला समोर बसवून विचारा, “बाई, तुमचा दिवस कसा जातो?” शाळेचं वर्ष एप्रिलपासून सुरू करण्याची चर्चा अधूनमधून होते. इतिहास सांगतो की ते कधीकाळी जानेवारीतही सुरू होत होतं, तेव्हा बदलायला हरकत नाही. पण ज्या दिवशी तारीख बदलेल त्या दिवशी विदर्भातलं ऊन, कोकणातला पाऊस, शेतकऱ्याची पेरणी आणि शिंप्याची पाटी, यांतली एकेक गोष्ट कागदावर मांडलेली असावी.

येत्या जूनमध्ये तुमच्या घरचं कॅलेंडर जरा नीट बघा. त्यावरच्या खुणा कुणाच्या हस्ताक्षरातल्या आहेत तेही बघा. आणि त्यातली एखादी फेरी या वेळी आपण मारू, असं तिला सांगून टाका.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)